कानांनी बघायचे पक्षी

पक्षीनिरीक्षण म्हटलं की गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि पहाटे चारला निघालेली जीप असं चित्र डोळ्यांपुढे येतं. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत राहणाऱ्याला यातलं काही लागत नाही. शेजारच्या तालुक्यात काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, थोडा लांबचा पल्ला मारला तर मेळघाटही आहे. पण या प्रकरणातले पक्षी आपणहून गावात येतात. अंधार पडल्यावर खाट अंगणात टाकावी, टीव्ही बंद करावा आणि गप्प बसावं. अवघड आहे ते शेवटचंच.

"आमच्या गावात घुबड नाही" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घुबड नसलेलं गाव वऱ्हाडात सापडणं कठीण आहे, असं माझं मत आहे. नसतो तो फक्त ऐकणारा. घुबड दिसतं ते योगायोगाने, आणि ऐकू येतं ते रोज.

अंगणातल्या पक्ष्यांची वही बहुतेक जण दिवसा सुरू करतात. तेही बरोबरच आहे. कडुनिंबावर साळुंक्या, तुळशीपाशी दयाळ, जास्वंदीवर शिंजीर, लिंबोणीच्या पानांत शिंप्याची लगबग, विजेच्या तारेवर कोतवाल आणि वेडा राघू, बांधावरच्या बाभळीत सातभाईंचं भांडण, पिंपळाची फळं पिकली की तांबट आणि हळद्या. गावठाण जिथं सोयाबीन-तुरीच्या शेतांना भिडतं तिथं घर असेल, तर वर्षभरात पंचवीस-तीस जाती उंबरठ्याच्या आसपासच भरतात. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभरचे लोक अशीच घराभोवतीची मोजणी करतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाचा हा उपक्रम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने १९९८ मध्ये सुरू केला. २०१३ पासून भारतातले पक्षीमित्रही त्यात भाग घेतात. कुठंही किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेल्या जाती आणि त्यांची संख्या लिहायची, आणि 'ई-बर्ड'वर भरायची. एक गोष्ट मात्र नवख्यांना ठाऊक नसते. ओळख पक्की असेल, तर नुसता ऐकू आलेला पक्षीही यादीत धरला जातो. घुबडांसाठी ही सवलत नसती, तर निम्म्या याद्या त्यांच्याविना राहिल्या असत्या.

घराभोवतीचे पक्षी बघणं हे खऱ्या निरीक्षणाच्या खालची पायरी आहे, असं समजणाऱ्यांनी दोन माणसांची माहिती करून घ्यावी. एक साताऱ्यात जन्मलेला. एडवर्ड हॅमिल्टन एटकन याचा जन्म १८५१ चा. नोकरी मीठ आणि जकात खात्यात. 'ईहा' या सहीने त्याने लिहिलेल्या पुस्तकांतलं पहिलं गाजलेलं पुस्तक बंगल्याच्या आवारातल्या उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक यांच्याविषयी आहे. ते आलं १८८३ मध्ये. त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, आणि त्या आठांत तो होता. पुढे १९०० मध्ये त्याने मुंबईच्या रोजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं. वाघ-बिबट्यांच्या शिकारकथा खपण्याच्या त्या काळात हा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या घारीवर लिहीत होता.

दुसरा गिल्बर्ट व्हाइट. इंग्लंडमधल्या सेलबोर्न या खेड्यातला पाद्री. आपल्या गावच्या निसर्गाविषयी त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १७८९ मध्ये निघालं. त्यात घुबडांची एक मजेदार हकीकत आहे. त्याच्या एका गानप्रेमी मित्राने स्वर लावायची पुंगी घेऊन शेजारपाजारची घुबडं तपासली आणि जाहीर केलं, की ती सगळी एकाच स्वरात घुमतात. तो स्वर म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. नंतर आणखी एका तयार कानाच्या शेजाऱ्याने हे खोडून काढलं: घुबडांच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत, कुणी काळी तीनमध्ये बोलतं, कुणी काळी चारमध्ये. वाद मिटला की नाही हे महत्त्वाचं नाही. खेड्यातली माणसं रात्री घराबाहेर येऊन घुबडाची पट्टी शोधत होती, हे मला फार आवडतं. इंझोरीत भजनी मंडळाची पेटी आहेच. कुणी तरी हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

रात्रीचे आवाज ऐकायला बसलं, की आधी जे घुबड नाही ते बाजूला काढावं लागतं. टिटवी रात्रभर ओरडते. तिच्या आवाजाबद्दल शंका नसते. तुराट्या उपटलेल्या मोकळ्या वावरातून मध्यरात्री चढत जाणाऱ्या तारस्वरातल्या शिट्ट्या येतात त्या करवानकाच्या. रातवा हा तर घुबडाचा नातलग समजला जाऊन फुकट बदनाम झालेला पक्षी. त्याचं 'चक-चक-चक-चर्र' शेवटाकडे जलद होत जातं. हे तीन ओळखता आले, की उरलेल्यांत घुबडं सापडू लागतात.

पहिला मान पिंगळ्याचा. पिंगळा म्हणजे साळुंकीपेक्षाही लांबीला किंचित कमी, पण अंगाने गोल घुबड. राखाडी-तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया आणि पिवळेधमक डोळे. भारतात घुबडांच्या तीसहून अधिक जाती आहेत. त्यांतली माणसाला सगळ्यांत जास्त सरावलेली ही. दिवेलागणीच्या सुमाराला चिंचेतून किंवा जुन्या भिंतीच्या भगदाडातून बाहेर येऊन तो तारेवर बसतो आणि कर्कश 'चिर्रर्र-चिर्रर्र, चिवक-चिवक' सुरू करतो. लगेच दुसरा त्यात मिसळतो. नर-मादी दोघं मिळून ही जुगलबंदी करतात आणि आपल्या हद्दीची द्वाही फिरवतात. जानेवारीपासून आवाज वाढतो, कारण विणीचे दिवस जवळ येतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ढोलीत तीन-चार पांढरी अंडी असतात. आपण त्याच्याकडे टक लावून पाहिलं, की तो मान वर-खाली करत आपल्याकडे पाहतो. याला लोक 'वेडावून दाखवतो' म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. घुबडाचे डोळे नळीच्या आकाराचे असतात आणि खोबणीत फिरू शकत नाहीत. अंतराचा अंदाज घ्यायचा तर डोकंच हलवावं लागतं. त्यासाठी त्याच्या मानेत चौदा मणके असतात, आपल्या दुप्पट, आणि मान दोनशे सत्तर अंशांपर्यंत वळते.

पहाटे कंदील घेऊन दारात उभा राहणारा, भविष्य सांगणारा पिंगळा जोशी हा याच पक्ष्याच्या नावाचा. पक्ष्याची बोली आपल्याला कळते, असा त्याचा दावा असे. दावा खोटा असेल, पण पहाटेच्या अंधारात पिंगळा बोलतो हे निरीक्षण खरं आहे. ज्यांनी ते रूढ केलं ते रात्री जागे असायचे.

घुबडाभोवतीच्या समजुतींबद्दल लिहिताना शहरी लेखक एक सरसकट वाक्य टाकून मोकळे होतात: अंधश्रद्धेमुळे घुबडं मारली जातात. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. आमच्या भागात म्हाताऱ्या बायका पोरांना दटावतात ते असं: "त्याले गोटा नोको मारू बाप्पा. थो गोटा उचलून नेते अन् नदीत घासत बसते. गोटा झिजते तसा मारनारा झिजते." ही भीती भाबडी आहे, पण ती घुबडाच्या बाजूने उभी आहे. लहानपणी ती ऐकलेला माणूस मोठेपणी घुबडाला काही करत नाही. फार तर तोंड फिरवून जातो. दुसरी समजूत, रात्री घुबड ओरडत असताना कुणाला नावाने हाक मारू नये, घुबड ते नाव पाठ करतं. तिचाही फायदा एवढाच, की माणसं गप्प बसतात. घात होतो तो गावाबाहेरून येणाऱ्या मागणीमुळे. दिवाळीच्या अमावास्येला तंत्र-मंत्रासाठी घुबडांना गिऱ्हाईक असतं. 'ट्रॅफिक' या वन्यजीव-व्यापारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या अहवालात देशातल्या पक्षीबाजारांत घुबडांच्या पंधरा जाती विकल्या जात असल्याचं नोंदलं आहे. घुबड पकडणं, पाळणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून एक पथ्य कसोशीने पाळावं: पिंगळ्याची ढोली सापडली, तर तिचा फोटो ठिकाणासकट व्हॉट्सॲपवर टाकू नये. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. तो नेमका दिवाळीच्या आगेमागे येतो. त्या आठवड्यात शाळेत पक्ष्यांची चित्रं लावताना वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही फळ्यावर लिहून ठेवला तर बरं.

पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी या गावाने घुबडांच्या या बाजाराच्या उलट टोक गाठलं. पुण्याचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांची इला फाउंडेशन यांनी २०१८ मध्ये तिथं घुबडांचा उत्सव भरवला. चित्रं, पोवाडे, पोरांनी रंगवलेले घुबडाचे मुखवटे, आणि पाहायला लोटलेली माणसं. पुढच्याच वर्षी पुण्यात घुबडांवरची जागतिक परिषद झाली. डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शृंगी घुबडाचा केलेला अभ्यास सासवड-पुरंदरच्या माळांवरचा, म्हणजे शेतीच्या मुलखातला आहे. अभयारण्याबाहेर, ओढ्याच्या कडांवर, उसाच्या आणि ज्वारीच्या शेजारी.

हे शृंगी घुबड इंझोरीच्या आसपासही ऐकू यावं अशी जागा आहे. नाल्यांच्या कापलेल्या काठावर, जुन्या मुरमाच्या खाणीत, दगडी टेकाडावर ते राहतं. दोन फुटांच्या आतबाहेर उंचीचा, नारिंगी डोळ्यांचा हा पक्षी थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या सुमाराला बोलू लागतो. 'बू-बोऽऽ'. दुसरं अक्षर लांबवलेलं, खर्जातलं. हा आवाज फार मोठा नाही, पण कुत्री थांबली की अर्ध्या कोसावरून येतो. डोक्यावरची शिंगं म्हणजे पिसांचे झुपके, त्यांचा ऐकण्याशी काही संबंध नाही. घरटं असं काही नसतंच. दगडाच्या आडोशाला जमीन थोडी उकरायची आणि तिथंच अंडी घालायची. म्हणूनच मुरूम खोदणारी जेसीबी ही त्याची सगळ्यांत मोठी वैरी.

अडाण आणि अरुणावती या नद्यांच्या काठी जिथं अजून मोठी झाडं उभी आहेत, तिथं मत्स्य घुबडावर कान ठेवावा. त्याचा आवाज पोकळ, घुमणारा. हे मासे, खेकडे, बेडूक खातं, आणि त्याच्या उडण्याचा आवाज होतो. पाण्याखालच्या माशाला हवेतला आवाज कळत नाही, तेव्हा नि:शब्द उडण्याची चैन त्याला लागलीच नाही. आमराईतून कधी थरथरत लांबत जाणारी किंकाळी येते ती वनघुबडाची. तिच्या जोरावर किती तरी चकव्यांच्या गोष्टी उभ्या राहिल्या असतील, कोण जाणे.

आता गव्हाणी घुबड. हे बोलत नाही, चिरकतं. डोक्यावरून पांढरं काही तरी सरकत जातं आणि मागून कापड फाटल्याचा आवाज येतो. जुने वाडे, देवळाचं शिखर, जिनिंगची बंद पडलेली गोदामं, पडक्या विहिरीच्या कपारी ही त्याची घरं. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. पिल्लं भूक लागली की तासन् तास फुसफुसतात, घोरतात. माळ्यावर साप शिरला म्हणून आरडाओरड होते आणि शिडी लावून बघावं तर पाच-सहा पांढरी भुतं ओळीने उभी. काही वर्षांपूर्वी विशाखापट्टणमच्या एका बांधकामात सापडलेल्या अशाच पिल्लांचा व्हिडिओ 'परग्रहावरचे प्राणी' म्हणून देशभर फिरला होता. ही पिल्लं एका वयाची नसतात. मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे थोरलं पिल्लू धाकट्यापेक्षा दोन आठवड्यांनीही मोठं असू शकतं. उंदीर पुष्कळ मिळाले तर सगळी जगतात. उंदरांचं साल वाईट असेल, तर धाकटी मरतात. शेतकऱ्याला हे गणित वेगळं समजवायला नको.

या घुबडाच्या कानांनी शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं गुंतवून ठेवलं. १९६० च्या आसपास रॉजर पेन या अमेरिकी तरुणाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर वाळका पाला पसरला, त्यावर उंदीर सोडला आणि वर गव्हाणी घुबड. घुबडाने उंदीर अचूक टिपला. वासाने? अंगाच्या उष्णतेने? पेनने मग कागदाचा बोळा पाल्यातून ओढला. घुबडाने बोळ्यावर झडप घातली. घुबडाच्या एका कानात बोळा बसवला, तर नेम चुकला. म्हणजे सगळी मदार दोन कानांवर. त्याच्या कानांची छिद्रं समोरासमोर नसतात. एक वर, एक खाली. आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो त्यावरून डावं-उजवं कळतं, आणि कमी-जास्त जोरात ऐकू येतो त्यावरून वर-खाली. चेहऱ्याची ती पांढरी तबकडी आवाज गोळा करून कानांकडे पाठवते. पुढे मासाकाझु कोनिशी या शास्त्रज्ञांनी हे घुबडाच्या मेंदूत नेमकं कुठं घडतं तेही शोधलं. आपण 'घुबडासारखा चेहरा' ही शिवी म्हणून वापरतो; तो चेहरा नसून अर्धा कान आहे. रॉजर पेन पुढे समुद्रात गेला आणि देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं करून जगप्रसिद्ध झाला. सुरुवात मात्र अंधाऱ्या खोलीतल्या पाल्यापासून.

एवढं ऐकायचं तर स्वतःच्या पंखांचा आवाज नको. गव्हाणी घुबडाच्या पंखातल्या सगळ्यांत बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर, आणि वरून मखमली लव. हवा फाटत नाही, घसरते.

पिंगळ्याच्या एका भाऊबंदाची कथा इथं सांगायलाच हवी, कारण ती महाराष्ट्रातच घडली. रानपिंगळा हा ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेला पक्षी. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके सात नमुने जमा झाले, त्यांतले काही आपल्या खानदेशातले, आणि शेवटचा १८८४ चा. नंतर तो दिसेना. मधे १९१४ सालचा एक नमुना गुजरातमधल्या मांडवीचा म्हणून दाखल झाला होता, तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा. त्या पत्त्यावर विसंबून पुढच्या काळात नावाजलेल्या पक्षीतज्ज्ञांनी शोध घेतला आणि हात हलवत परतले. पॅमेला रासमुसेन या संशोधिकेने संग्रहालयांतले नमुने तपासले, तेव्हा उलगडा झाला: कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून जेम्स डेव्हिडसन यांचा खानदेशातला जुना नमुना चोरला होता, पुन्हा भरला होता आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. खोटी चिठ्ठी वगळली, तेव्हा खऱ्या जागा उरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, बेन किंग, रासमुसेन आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. आमचा वाशिमही अकोल्यातून वेगळा झाला तो त्याच दिवशी. पुढच्या शोधांत रानपिंगळा मेळघाटातही सापडला.

या कथेतलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे. रानपिंगळा दिवसाउजेडी हिंडतो, उघड्यावर बसतो, बोलतोही. त्या रानात राहणाऱ्यांनी तो रोज पाहिला असणार. पण साध्या पिंगळ्यापासून त्याला वेगळं काढायचं, तर साधा पिंगळा तोंडपाठ हवा: त्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नसतात, साध्या पिंगळ्याची छाती चट्ट्यापट्ट्यांची, रानपिंगळ्याची बरीचशी गडद, एकरंगी. अंगणातल्या पक्ष्याकडे नीट न बघणाऱ्याला रानातला दुर्मीळ पक्षी ओळखू यायचा कसा?

घुबड दिवसा शोधायचं तर पुन्हा कानच लागतात. भर दुपारी चिंचेत साळुंक्या, बुलबुल, सातभाई, खारी असा सगळा गोतावळा एकदम कलकलू लागला आणि सगळ्यांची तोंडं एकाच फांदीकडे असली, तर तिथं साप आहे किंवा घुबड. पक्षी त्याला डिवचून, ओरडून हद्दीबाहेर काढू पाहतात. घुबड डोळे मिटून ऐकून घेतं. खाली खोडावर पांढरे ओघळ आणि जमिनीवर अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या दिसल्या, की जागा पक्की. घुबड भक्ष्य शक्यतो अख्खं गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते ओकतं. या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून काडीने सोडवाव्यात. हात नंतर साबणाने धुवावेत. गव्हाणी घुबडाच्या एकाच गोळीत दोन-तीन उंदरांच्या कवट्या निघणं नवलाचं नाही. उंदराचे पुढचे दात पिवळट-नारिंगी आणि वळलेले, चिचुंदरीचे लहान, टोकदार. पिंगळ्याच्या गोळीत बहुधा भुंग्यांची चकचकीत कवचं आणि नाकतोड्यांचे पाय असतात. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला यापेक्षा स्वस्त प्रयोगसाहित्य मला ठाऊक नाही.

या गोळ्याच सांगतात, की घुबडांना गावात खाण्याची ददात नाही. सोयाबीनच्या गंजीत उंदीर आहेत, गोदामात घुशी आहेत, विजेच्या दिव्याखाली किडे आहेत. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी कृषी खातं सांगतं तसे पक्षीथांबे काही शेतकरी लावतात. वावरात रोवलेल्या त्या इंग्रजी टी-आकाराच्या काठ्यांवर दिवसा कोतवाल बसतो, रात्री पिंगळा. कमी पडू लागली आहे ती पोकळी. मातीच्या जाड भिंती गेल्या, स्लॅब आला. स्लॅबच्या घरात भगदाड नसतं. विहिरींच्या दगडी कपारी सिमेंटच्या कड्यांनी बुजल्या. रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड पडते ती कडेच्या जुन्या कडुनिंबावर आणि चिंचेवर, आणि ढोली पडते तीही जुन्याच झाडाला. वृक्षारोपणातलं रोप ढोली धरायला दोन पिढ्या घेईल. वाळलेली फांदी, पोखरलेलं खोड हे आपल्याला झाडाचं वैगुण्य वाटतं. घुबड, पोपट, तांबट, हुदहुद या सगळ्यांचा संसार त्या वैगुण्यात आहे.

दुसरा घाव विषाचा. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं उंदराला लगेच मारत नाहीत. तो काही दिवस सुस्त, झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. घुबडाला याहून सोपं भक्ष्य कोणतं? ते विष घुबडाच्या पोटात जातं. उंदीर मारणारा आणि उंदीर मारण्याचं औषध असे दोघं एकाच वावरात ठेवले, की आधी पहिला जातो, आणि दरवर्षी औषध विकत घ्यावं लागतं.

इस्राएलमध्ये सदे एलियाहू या शेतवसाहतीत १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ योसी लेशेम यांनी शेतांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या बसवायला सुरुवात केली. आज त्या देशात अशा हजारो पेट्या आहेत, आणि शेजारच्या जॉर्डनमधल्या शेतकऱ्यांनीही त्या स्वीकारल्या; घुबड सीमेवर थांबत नाही, आणि उंदीरही. मलेशियात पामतेलाच्या मळ्यांत हेच केलं जातं. इंझोरीत एखाद्या सुताराला जुन्या फळ्यांतून अशी पेटी एका दुपारी करता येईल. गव्हाणी घुबडासाठी दीड-दोन फूट लांबीची, एका बाजूला वीतभराला थोडं कमी असं तोंड असलेली. पिंगळ्यासाठी त्याहून लहान, तीन इंचांच्या भोकाची. तळाशी लाकडाचा भुसा, पाणी निथळायला बारीक छिद्रं. बारा-पंधरा फूट उंचीवर, मांजर चढणार नाही अशा ठिकाणी, तोंड पावसाच्या वाऱ्याकडे न करता. मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून ते विणीचं काम सोडून भांडायला येतं. बॅटरीचा झोत तोंडावर मारू नये. पेटी टांगली, की शिडी परत जागेवर ठेवावी आणि वर्ष-दोन वर्षं तिकडे फिरकू नये. पहिल्या उन्हाळ्यात तिच्यात बहुधा साळुंकीच शिरेल. तिला हुसकावू नये. तीही वहीत लिहायची आहे.